अंबक्कांचं सोवळं

पहिल्याच दिवशी अंबक्कांनी मला दारात अडवलं.

"तिथंच थांब. कुठनं आलास?"

"बेळगावहून."

"गाव नव्हे रे. आत्ता कुठनं आलास?"

"उंदरांच्या खोलीतून."

"मग आंघोळ करून ये."

मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. त्या थट्टा करत नव्हत्या. मी निमूट खोलीवर गेलो, आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि परत आलो. मग त्यांनी मला आत घेतलं, तेही दारापासून दोन हातांवर, एका स्टुलापर्यंत. "इथं बस. बोलायचं असेल तर तोंड तिकडं कर," म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या मला 'बेळगाव' म्हणू लागल्या. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत पाठ होतं की नाही, मला शंका आहे.

बंगळुरात, मल्लेश्वरमच्या पलीकडे, चाफ्याची झाडं असलेल्या एका जुन्या बंगल्यात आमची छोटीशी संशोधन संस्था होती. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. देश नवा होता, पगार जुने होते. मी रसायनाचा माणूस. उंदरांच्या यकृतातली प्रथिनं मोजत बसायचो. अंबक्का पेशी वाढवायच्या. अंड्यातल्या पिल्लाच्या काळजाचा मोहरीएवढा तुकडा काढायचा, चपट्या काचेच्या कुपीत ठेवायचा, त्याला द्रव खाऊ घालायचा, उबेत ठेवायचा. तुकड्यातून पेशी बाहेर सरकतात, दुभंगतात, कुपीभर पसरतात. कुपी भरली की अर्ध्या पेशी नव्या कुपीत. याला आम्ही वंश चालवणं म्हणायचो. हे काम बंगल्याच्या मागच्या बाजूला, तिन्ही बाजूंनी काचा लावलेल्या एका कोंदट खोलीत चालायचं. पंखा नाही, कारण वाऱ्यानं धूळ उडते. फरशी कायम ओली. संस्थेत त्या खोलीला सगळे 'अक्कांचं सोवळं' म्हणत. कानडी, तमिळ, तेलुगू, कुठल्याही भाषेचा माणूस असो, हा शब्द त्याला आमच्याकडे नोकरी लागल्याच्या पहिल्या आठवड्यात शिकावा लागे.

त्यांच्या घराण्याला बंगळुरात येऊन तीनशे वर्षं तरी झाली असतील. घरात मराठीच, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की कुठं एक संपून दुसरी सुरू होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लग्न झालं होतं आणि लहानपणीच संपलंही होतं. याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत. वडिलांनी शिकवलं. वडील गेले आणि घरात राहिल्या अक्का आणि त्यांची आई. आईला त्या अव्वा म्हणत. मी पाहिलं तेव्हा अक्का चाळिशीच्या होत्या, पण पन्नाशीच्या दिसायच्या. उंच, हडकुळ्या, सुती लुगड्यावर उलटा घातलेला पांढरा डगला, डोक्याला करकचून बांधलेलं फडकं. हात मात्र पाहवत नसत. सोड्यानं आणि आम्लानं बोटांची कातडी गेलेली, नखांच्या कडा फाटलेल्या. रोज सकाळी त्या सगळी काच स्वतः धूत. साबणात उकळायची, आम्लात बुडवायची, नळाखाली धरायची, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं विसळायची, आणि वाळत घालताना एखादीवर डाग दिसला की सगळी रांग पुन्हा पहिल्यापासून. "एकीला शिवलं म्हणजे सगळ्यांना शिवलं," हा त्यांचा न्याय. घरच्या सोवळ्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, पण ती शिस्त त्यांनी तशीच्या तशी उचलून प्रयोगशाळेत आणली होती. देव तेवढे घरी राहिले.

दुपारी चारला त्या मागच्या पायरीवर बसत. "स्वल्प बसते," असं स्वतःलाच सांगून बसत, जणू कोणी परवानगी देणारं होतं. स्टीलच्या पेल्यात कॉफी यायची. दोन घोट झाले की त्यांना काहीतरी आठवायचं. एखादं झाकण, एखादी नळी. पेला पायरीवर ठेवून त्या आत जायच्या. कॉफीवर साय धरायची. त्यांनी एखादी कॉफी गरम असताना संपवली, असं मी त्या वर्षांत कधी पाहिलं नाही.

अंड्यांचं एक वेगळंच प्रकरण होतं. ज्या घरात अंड्याचं नाव घ्यायचं झालं तर 'ते पांढरं' म्हणत, त्या घरातली ही बाई आठवड्याला टोपलीभर अंडी घ्यायची. होसकोट्याहून मुनियप्पा नावाचा एक म्हातारा टोपली घेऊन बसनं यायचा. अक्का एकेक अंडं दिव्यासमोर धरून आत पिल्लू धरलंय का बघत. मुनियप्पाला वाटे, बाई ताजेपणा तपासतात. एकदा त्यानं खास त्यांच्यासाठी स्वच्छ धुतलेली, त्याच दिवशीची, कोंबडा नसलेल्या खुराड्यातली अंडी आणली. अख्खी टोपली पिल्लाविना. अक्कांनी त्याला कानडीत शांतपणे समजावलं की मला आत जीव असलेलीच लागतात. म्हातारा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, की या बाईंना कोणी काही सांगणारं नाही का घरी. मी अक्कांना सांगितलं. त्या दिवशी त्या हसल्या. एरवी त्या हसत नसत असं नाही, पण हसायलाही शक्ती लागते, आणि ती त्या राखून वापरत.

आता मूळ दुखणं सांगतो. अक्कांच्या पेशी मरत.

लगेच नाही. सुरुवातीला त्या अशा भराभर पसरत की कुपीला कुपी पुरत नसे. महिने जात. मग कधीतरी चाल मंद व्हायची. सूक्ष्मदर्शकाखाली निमुळत्या, नितळ पेशींच्या जागी रुंद, पसरट, दाणेदार पेशी दिसू लागत. खाणं घेत, पण दुभंगत नसत. आणि एक दिवस सगळं थांबायचं. द्रव स्वच्छ, जंतूंचा मागमूस नाही, वासही नाही. अक्का बराच वेळ डोळा लावून बसत, मग उठून म्हणत, "सरी. पुन्हा." सरी म्हणजे कानडीत 'ठीक आहे'. मुनियप्पाला निरोप जायचा, नवी अंडी यायची, नवा वंश सुरू व्हायचा.

त्या काळी सगळ्या पुस्तकांत एकच लिहिलेलं असे. म्हातारं होतं ते शरीर. पेशी म्हातारी होत नाही. शरीरातून सुटी करून नीट सांभाळली तर ती अमर आहे. आमचे संचालक डॉक्टर शेषगिरी परदेशात हे काम शिकून आले होते आणि या वाक्यावर त्यांची श्रद्धा होती. शिवाय पुरावा घरातच होता. पुढच्या खोलीत नरसिंहन नावाचे आमचे सहकारी संचालकांचा स्वतःचा वंश सांभाळत. तो कितीतरी वर्षं चालू होता. पाहुणे आले की त्यांना ती कुपी दाखवली जायची. नरसिंहन माणूस लाख मोलाचा, पण गबाळा. तपकिरीची डबी उबेच्या पेटीवर ठेवणारा. काच धुतली काय, न धुतली काय, आणि तरीही त्यांच्या पेशी आपल्या वाढताहेत. इकडे अक्का हाताची सालटी काढताहेत आणि पेशी जीव सोडताहेत.

"अंबाबाई," डॉक्टर शेषगिरी सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "पेशी मरत नसतात. त्यांना मारलं जातं. कशानं ते शोधा."

अक्कांनी शोधलं. पाणी बदललं, काच बदलली, रक्तद्रव बदलला. पेटीतली ऊब कमीजास्त करून पाहिली. एका वंशाला महिनाभर स्वतः शिवल्यासुद्धा नाहीत, आपणच बनवलेलं दुसऱ्याकडून खाऊ घातलं. तोही गेला. मला त्या मरत्या पेशी आणून देत. "बेळगाव, तू रसायनवाला. बघ की, आत काय संपतंय ते." मी त्या वाटायचो, मोजायचो. हाती यायचा चिमूटभर ऐवज, त्यात माझी उपकरणं ओबडधोबड. काही सापडत नसे. एकदा मी कंटाळून म्हणालो, "अक्का, काही कमी नाही यांच्यात."

"कमी नाहीच रे," त्या म्हणाल्या. "मला वाटतं आत कुठंतरी मोजणारं काहीतरी आहे. कितीदा दुभंगलो ते मोजतंय. या मरत नाहीत. म्हाताऱ्या होतात."

मला ते तेव्हा थकलेल्या बाईचं बोलणं वाटलं. हल्ली वाचतो की रंगसूत्रांच्या टोकांना संरक्षक तुकडे असतात आणि प्रत्येक दुभंगण्यात ते झिजत जातात. वाचलं की ती पायरी आठवते.

मग अव्वा पडल्या. स्वयंपाकघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. अक्कांना रजा घ्यावी लागली, आणि त्यांच्या कुपी नरसिंहनकडे गेल्या. त्यातला वंश आधीच मंदावला होता. अक्का परत आल्या तेव्हा कुपी तुडुंब भरल्या होत्या. तरण्याताठ्या पेशी, भराभर दुभंगणाऱ्या. नरसिंहनलाच ओशाळल्यासारखं झालं. "मी काही विशेष केलं नाही, अक्का," ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. पण संस्थेत व्हायचं ते झालं. अक्कांचाच हात वाईट, असं आधी कुजबुजत आणि मग मोठ्यानं बोललं जाऊ लागलं. एका विधवा बाईच्या हाताबद्दल असं बोललं की त्याला आणखीही अर्थ चिकटतात. बोलणारे शिकलेले होते. त्यांना ते कळत होतं. मला आजही त्याचा राग येतो.

अक्कांनी चार दिवस फक्त काच धुतली. पाचव्या दिवशी त्या नरसिंहनच्या खोलीत जाऊन बसल्या आणि ते खाणं कसं बनवतात ते बघत राहिल्या. पेशींच्या खाण्यात एक अर्क लागतो. अंड्यातलं अख्खं पिल्लू चेचून, पाण्यात कालवून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, म्हणजे चोथा खाली बसतो आणि वरचा रस घेता येतो. आमचं यंत्र जुनं, जरा फिरलं की तापायचं. नरसिंहन ते जेमतेम फिरवून बंद करत आणि वरचं गढूळ पाणी घेत. अक्का मात्र बर्फ लावून, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा फिरवत. वर रस गाळूनही घेत. त्यांना गढूळ काही चालायचंच नाही.

त्यांनी मला बोलावलं. आंघोळीबद्दल विचारलंसुद्धा नाही, तेव्हाच समजलं की काहीतरी झालंय. सूक्ष्मदर्शकाखाली नरसिंहनच्या अर्काचा एक थेंब होता. मी डोळा लावला. चोथ्यात मधूनमधून गोल, चकचकीत, अख्ख्या पेशी तरंगत होत्या.

"जिवंत?" मी विचारलं.

"काल कुपीत घातल्या. आज पसरल्यात."

म्हणजे नरसिंहन आपल्या अमर वंशाला दर खेपेला खाण्याबरोबर ताज्या पेशीही घालत होते, नकळत, गबाळेपणानं. जुन्या केव्हाच संपल्या असतील. कुपीत नांदत होत्या त्या रोजच्या नव्या. आणि अक्कांच्या पेशी मरत होत्या, कारण अक्का सोवळ्यातल्या होत्या.

डॉक्टर शेषगिरींनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. मग म्हणाले, "चार पेशी दिसल्या म्हणून सगळं जग चुकलं असं म्हणायचं का?" त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. दिल्लीहून तपासणी समिती यायची होती, आणि काचेच्या खोलीवर इतरांचाही डोळा होता. त्यांनी अक्कांना सरळ सांगितलं: समिती येईल तेव्हा तुमचा वंश जिवंत असला तर खोली तुमची. नसला तर ती नरसिंहनकडे जाईल.

समिती यायला अजून बरेच महिने होते. तोवर अक्कांचा वंश संपणार, हे आता आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. आणि तो वाचवायचा कसा, हेही ठाऊक होतं. मी पायरीवर बसून त्यांना पटवायला लागलो. नरसिंहनचा अर्क घ्या, समिती येऊन जाऊ दे, खोली राहील, मग करा काय करायचं ते. शहाण्या माणसानं जे सांगावं ते सगळं मी सांगितलं.

"मग त्या माझ्या पेशी राहतात का रे?" अक्का म्हणाल्या. "रोज घरात नवं बिऱ्हाड घ्यायचं, आणि आजोबा अजून जिवंत आहेत म्हणून लोकांना सांगायचं?"

"पण खोली जाईल, अक्का."

"जाईल की." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "दमले बघ, बेळगाव. पण दमले म्हणून खोटं नको."

त्या उठून आत गेल्या. कॉफी तशीच राहिली.

पुढचे महिने त्यांनी तो वंश जसा सांभाळला, तसा मी कुणाला काही सांभाळताना पाहिलं नाही. मरणार हे माहीत असलेल्या गोष्टीसाठी सकाळी तीच उकळणी, तेच आम्ल, तीच विसळणी. घरी अव्वा अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं करून यायच्या, इथलं करून घरी जायच्या. बसमध्ये उभ्याउभ्या डोळा लागायचा म्हणून मल्लेश्वरमच्या घरापर्यंत चालतच जाऊ लागल्या. पेशी पसरट झाल्या, दाणेदार झाल्या, थांबल्या. समिती आली तेव्हा अक्कांनी मेलेली कुपी टेबलावर ठेवली आणि काय झालं ते थोडक्यात सांगितलं. पाहुण्यांनी माना हलवल्या आणि पुढच्या खोलीत अमर कुपी बघायला गेले. नरसिंहनला त्या दिवशी तपकीर ओढायचंही भान नव्हतं. आठवडाभरात काचेची खोली त्यांच्या नावावर झाली, आणि अक्कांना आमच्या मोठ्या दालनात सगळ्यांसाठी द्रावणं बनवायचं काम मिळालं.

त्याच पावसाळ्यात अव्वा गेल्या. मी भेटायला गेलो. शेजारपाजारच्या बायका बसल्या होत्या. डॉक्टर येऊन गेले होते. काही आजार नव्हता, वय झालं होतं, म्हणाले. बायका निघून गेल्यावर अक्का भिंतीला टेकून बसल्या.

"डॉक्टरनं मला विचारलं नाही," त्या म्हणाल्या, "कशानं मारलंस म्हणून."

मला रडू आलं. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी मला कॉफी करून दिली.

त्यानंतर त्या द्रावणं बनवत राहिल्या. कुणी त्यांच्या बाटलीबद्दल कधी तक्रार केली नाही. करण्यासारखं काही नसायचंच. काचेच्या खोलीकडे त्या फिरकल्या नाहीत. नवे लोक आले, त्यांना 'सोवळं' हा शब्द कुणी शिकवला नाही. साठीच्या दशकातली एकदोन वर्षं उलटली, आणि एका सोमवारी डॉक्टर शेषगिरी परदेशी नियतकालिक हातात घेऊन बैठकीला आले. तिकडे कुणीतरी माणसाच्या पेशींवर काम करून दाखवलं होतं की त्या ठरावीक वेळाच दुभंगतात, मग म्हाताऱ्या होऊन थांबतात. अमर वगैरे नसतात. संचालकांनी ते वाचलं आणि म्हणाले, हे फार महत्त्वाचं आहे, आपणही यावर काम सुरू करावं.

तेव्हा नरसिंहन उभे राहिले. बैठकीत त्यांना बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"सर," ते म्हणाले, "हे आपल्याकडे झालेलं आहे. अक्कांनी दाखवलं होतं. माझ्याच अर्कात."

अक्का कोपऱ्यात बसल्या होत्या. डॉक्टर शेषगिरींनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हते ते. म्हणाले, "अंबाबाई, त्या वेळी आपल्याला माहीत नव्हतं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, सर," अक्का म्हणाल्या.

बैठक संपल्यावर संचालक स्वतः त्यांच्या टेबलापाशी गेले आणि काचेची खोली परत घ्या म्हणाले. नवी माणसं देतो, नवं सेंट्रिफ्यूज मागवतो. अक्कांनी ऐकून घेतलं. मग एकच मागितलं: नरसिंहनची ती जुनी कुपी. ते हो म्हणाले. नरसिंहन तर केव्हाचे तयार होते.

अक्कांनी पुन्हा फडकं बांधलं. त्या अमर वंशाला त्यांनी आपला अर्क द्यायला सुरुवात केली, बर्फ लावून फिरवलेला, गाळलेला, नितळ. सकाळी काच, मग अर्क, मग कुपी. घाई नाही, बोलणं नाही. आम्ही जाता येता काचेतून बघायचो. महिने गेले. पेशी पसरट होऊ लागल्याचं नरसिंहननी मला हळूच सांगितलं, घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं. मग एका दुपारी अक्कांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. मी आंघोळ करून गेलो. कुपीत काहीही हलत नव्हतं.

अक्कांनी बराच वेळ डोळा लावला. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "सरी."

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. तो आला नाही.

त्यांनी ती कुपी स्वतः धुतली. साबण, आम्ल, नळ, स्वच्छ पाणी. उजेडात धरून डाग पाहिला, नव्हता. फळीवर पालथी घातली. डोक्याचं फडकं सोडून घडी केलं आणि त्या मागच्या पायरीवर येऊन बसल्या. महिन्याभरानं त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. नंतर त्या देवनहळ्ळीला भाच्याकडे राहायला गेल्या, एवढंच कळलं. मी पुढे कधी गेलो नाही. मला त्या दिसतात त्या दुपारच्याच. कॉफी आली. अक्कांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि कुठंही न उठता, गरम असतानाच ती पूर्ण प्यायल्या.